आम्ही लावलेले दिवे

आमच्या हॉलमध्ये सध्या चार दिवे आहेत आणि उजेड नाही.

संध्याकाळी सातला चारही दिवे लागतात. त्यानंतर ज्याला पेपर वाचायचा असेल तो बाथरूममध्ये जातो, ज्याला सुईत दोरा ओवायचा असेल तो फ्रीज उघडून उभा राहतो आणि ज्याला काहीच करायचं नसेल तो हॉलमध्ये बसतो. मागच्या महिन्यात हिची मावसबहीण आली होती. पोह्यांच्या बशीकडे बराच वेळ निरखून पाहत तिने विचारलं, "ही मोहरीच आहे ना?"

मी म्हटलं, "जरा थांबा. चालायला लागली तर मुंगी."

पाहुणी हसली. हिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण तो दिसला नाही. आमच्या दिव्यांचा एवढा एक फायदा मी मान्य करतो.

तशी आमच्याकडे बावीस वर्षं ट्यूबलाइट होती. देवाचं कॅलेंडर आणि घड्याळ यांच्या बरोबर मध्ये. तिच्यामागे राहणारी पाल आमच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली. ट्यूबला भीडभाड नव्हती. सोफ्याखालची धूळ, माझ्या कानावरचे पांढरे केस, कपात सोडलेला चहा, सगळं ती चारचौघांत उघडं करायची. पण दिवाळीत बंगळुरूहून मुलगी आली, बटण दाबलं आणि डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाली, "बाबा, हा हॉल आहे की ऑपरेशन थिएटर?"

"मी कधीपासून सांगतेय," ही म्हणाली. तिने हे पूर्वी कधीही सांगितलेलं नव्हतं.

घराला 'रस्टिक लुक' हवा, असं ठरलं. मला तो शब्द 'रस्टी' असा ऐकू आला, म्हणून मी उत्साहाने बाल्कनीतली गंजलेली लोखंडी खुर्ची दाखवली. तर तसं नव्हतं. हाताने घडवलेले, ओबडधोबड, मातीशी नातं सांगणारे दिवे हवे होते. एवढं ठरवून मुलगी चौथ्या दिवशी परत गेली. क्रांती करणारे असेच निघून जातात. बल्ब मागे राहणाऱ्यांना बदलावे लागतात.

पहिला दिवा डिसेंबरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात घेतला. स्टॉलवर डोक्यावर अंबाडा बांधलेला एक मुलगा होता आणि त्याच्या शेजारी त्याच्याच उंचीचा एक ओंडका. ओंडक्याच्या डोक्यावर गोणपाटाची टोपी, टोपीत बल्ब.

"ड्रिफ्टवुड आहे काका. समुद्रातून वाहत आलेलं."

"याला भेग पडलीय."

"तेच तर कॅरेक्टर आहे."

"खालून डुगडुगतोय."

"हँडमेड आहे ना!"

"इथला रंग उडालाय."

"तो उडालेला नाही काका, उडवलाय."

किंमत ६,८०० रुपये. मी हिशेब केला. भेगा पडणं, रंग उडणं, उभं राहताना डुगडुगणं, हे तिन्ही गुण माझ्यात आहेत, शिवाय मी दर महिन्याला घरात पगार आणतो. पण हिने ६,८०० रुपये ओंडक्यासाठी मोजले आणि मला म्हणाली, "तुम्ही पिशव्या धरा."

माझं दुःख वेगळंच होतं. गुहागरच्या आत्याकडे पावसाळा संपला की किनाऱ्यावर असे ओंडके यायचे. ती ते अंगणात वाळवायची आणि न्हाणीघराच्या चुलीत सारायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा पोरं त्या पाण्याने आंघोळ करायचो. आजच्या भावाने पाहिलं, तर एका सुट्टीत आम्ही लाखभर रुपये अंगावर ओतून घेतले असतील. आणि आत्या मात्र वर ओरडायची, "साबण जपून वापरा रे, फुकट येत नाही!"

ओंडका घरी नेण्यासाठी रिक्षा केली. तो आडवा मावेना, म्हणून मी तो मांडीवर उभा धरला. टोपी काढून हिच्याकडे दिली होती. रिक्षावाल्याने आरशातून ओंडक्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "वैकुंठात का काका?"

घरी आल्यावर कळलं की दिव्याबरोबर बल्ब नव्हता. आमच्या घरातले सगळे बल्ब दोन पिनांचे, खाली दाबून फिरवायचे. ओंडक्याला हवा होता आट्यांचा. सकाळी उठून तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्याच्या विजेचं माहेर. इथे दुपारी बाराला इतके दिवे लागलेले असतात की सूर्य उसना आणल्यासारखा वाटतो. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "होल्डर कुठला?"

"दिव्याचा."

"ते कळलं. पिनचा की आट्याचा?"

"आट्याचा."

"ई चौदा की ई सत्तावीस?"

बल्बलाही रक्तगट असतो हे मला माहीत नव्हतं. ई सत्तावीस म्हणजे आट्याची रुंदी सत्तावीस मिलिमीटर, हे त्यांनी मला, तपकीर गल्लीच्या मानाने बऱ्याच प्रेमाने, सांगितलं. पुढचा प्रश्न: "किती केल्विन?"

इथे माझं विज्ञान संपलं. त्यांनी दोन बल्ब लावून दाखवले. एक २७०० केल्विनचा, पिवळसर, त्याचं नाव वॉर्म. दुसरा ६५०० केल्विनचा, पांढराफटक, त्याचं नाव कूल. म्हणजे ज्याचा आकडा तापलेला तो कूल आणि ज्याचा आकडा निवलेला तो वॉर्म. हे ऐकायला उलटं वाटतं. पण आमच्या घरात कूल राहा म्हणून सांगताना कोणाचा पारा कुठे असतो ते आठवलं आणि लगेच पटलं.

"तुम्हाला वाचायला पाहिजे की दाखवायला?" त्यांनी विचारलं.

बँकेतल्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुठल्या साहेबाने विचारला नव्हता. मी फोन करून घरी विचारलं. घरून उत्तर आलं, "दाखवायला."

मग त्यांनी तारेसारखी नागमोडी कांडी दिसणारा, मधाच्या रंगाच्या काचेचा बल्ब दिला. खोक्यावर ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप छापलेलं होतं, २००च्या आसपास. घरी येऊन ट्यूबचं खोकं माळ्यावरून काढलं. त्यावर २०००. म्हणजे एका ट्यूबएवढा उजेड पाडायचा तर हॉलमध्ये दहा ओंडके उभे करावे लागतील. गोणपाटाच्या टोप्या जो उजेड गिळतात तो वेगळाच. हा हिशेब मी हिला दाखवला. ती म्हणाली, "प्रत्येक गोष्टीत बँक आणू नका."

दिव्याची वायर दीड मीटर आणि सॉकेट तीन मीटरवर. सजवलेल्या घरांचे फोटो पाहा, एकाही दिव्याला वायर नसते. आमच्याकडे ती आहे, तिला एक्स्टेन्शन बोर्ड आहे, बोर्डावर सतरंजी आहे आणि सतरंजीवर उंचवटा आहे. भातखाचरात बांध ओलांडावा तसा मी आता सोफ्यावरून दारापर्यंत जातो. त्याच दिवशी हिने ट्यूबच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. कोणी चुकून लावू नये म्हणून. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय चौऱ्याऐंशी. ते त्या चिकटपट्टीकडे पाहत म्हणाले, "पूर्वी फ्यूज उडाला की अंधार व्हायचा. आता ठरवून करता का?"

दुसरा दिवा मुलीने पाठवला. बाटलीला सुतळी गुंडाळलेला टेबल लँप. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुलैमध्ये त्याला बुरशी आली आणि ओल्या गोणीचा वास. आई दोन दिवस कांद्यांच्या टोपलीत सडका कांदा शोधत होती.

तिसरा दिवा मात्र माझा. म्हणजे कल्पना माझी, मेहनत माझी आणि पुढे जे झालं तेही माझंच. एका ओंडक्याला ६,८०० मोजण्यापेक्षा आपणच का करू नये, असा विचार प्रत्येक मध्यमवर्गीय पुरुषाच्या मनात वर्षातून एकदा येतो आणि त्यात घरातली एक तरी चालू वस्तू बंद पडते. मी बुरूड आळीत गेलो. तिथे सुपं, परड्या, टोपल्यांच्या राशीत बसलेल्या मावशींना म्हटलं, "एक रोवळी द्या."

"किती तांदळाची?"

"तांदळाची नाही. बल्बची."

मावशींचा कामट्या तासणारा हात थांबला. "बल्ब धुणार?"

रोवळी उलटी केली की तिची शेड होते. कामट्यांच्या फटींतून भिंतीवर इतकं सुरेख जाळं पडतं की मी स्वतःच दोन मिनिटं गप्प बसलो. खाली माळ्यावरचा कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, वर सुंभाने आवळलेली रोवळी. खर्च ३४० रुपये. आता निदान एका दिव्याला तरी उजेड असावा म्हणून मी त्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब घातला. हा बल्ब खातो त्या विजेतली बहुतेक उष्णता म्हणूनच बाहेर टाकतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. शाळेतल्या गोष्टी आठवतात, पण त्या नेहमी घटना घडून गेल्यावर.

अर्ध्या तासाने अण्णा खोलीतून ओरडले, "काहीतरी करपतंय! भात लागला का?"

रोवळीत भात कधी करपत नाही. रोवळीच करपू शकते, हे मी सिद्ध केलं. सुंभ जळला. पीळ जात नाही म्हणतात तो बहुधा माझ्या बाबतीत असावा, कारण मी म्हटलं, "बल्ब थोडा खाली घेतला की होईल." हिने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, रोवळीच्या काळ्या डागाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि चक्क म्हणाली, "राहू द्या. आता रस्टिक दिसतंय."

त्या रात्रीपासून मला एक आवाज येऊ लागला. कर्र कर्र. मध्येच थांबायचा, पुन्हा कर्र. सकाळी ओंडक्याच्या पायाशी पिठासारख्या भुग्याची छोटी रास. मी झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी अंबाडेवाल्याला फोन केला.

"भुगा पडतोय."

"नॅचरल आहे काका."

"आत किडा आहे."

"मग तर एकदमच नॅचरल आहे."

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने ओंडक्यावर टकटक केलं, कान लावला, डॉक्टर लावतात तसा, आणि म्हणाला, "साहेब, हा दिवा नाही, वसतिगृह आहे." त्याने एक औषध लिहून दिलं आणि सांगितलं, प्रत्येक भोकात सुईने सोडायचं. तेव्हापासून आठवडाभर रोज रात्री अकरा वाजता मी चष्मा लावून, हातात सिरिंज घेऊन, टॉर्चच्या उजेडात ओंडक्याला इंजेक्शनं देत होतो. टॉर्च का, तर दिवा लावल्यावर भोकं दिसत नव्हती. समोरच्या इमारतीतले जोशीकाका तिसऱ्या दिवसापासून मला रस्त्यात टाळू लागले.

चौथा दिवा म्हणजे कंदील. खरं तर तो घ्यायचं काही कारण नव्हतं. पण जुन्या बाजारात आपण कारणाने जातच नाही. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि ज्याला यात काही विचित्र वाटत नाही तोच खरा पुणेकर. गंजक्या कुलपांच्या आणि बंद घड्याळांच्या मध्ये एक कंदील होता. कोणीतरी आतली वात आणि बर्नर काढून तिथे छोटा एलईडी बसवला होता. तो ज्योतीसारखा लपलपायचा. विकणारा १,८०० म्हणाला, मी १,४०० ला आणला आणि मोठा विजय मिळवल्याच्या थाटात घरी येऊन अण्णांसमोर ठेवला.

अण्णा कऱ्हाडजवळच्या गावचे. ओगलेवाडी तिथून जवळच. प्रभाकर कंदील ज्या कारखान्यातून निघून महाराष्ट्रभर गेला तो तिथला. अण्णांच्या घरी दोन होते. कंदिलाच्या काचेत मोठ्या माणसाचा हात जात नाही म्हणून काच पुसायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान मुलाचं. अण्णा सात भावंडांत शेवटचे. रोज तिन्हीसांजेला चुलीतली राख आणि फडकं घेऊन बसायचे. पुढे धाकटा भाऊ होईल या आशेवर त्यांनी चारपाच वर्षं काढली, पण तो झालाच नाही. ते मॅट्रिकला असताना गावात वीज आली. पहिल्या रात्री माझ्या आजीने बल्बला नमस्कार केला, मग दोन्ही कंदील माळ्यावर टाकले.

१९९८ साली आम्ही ते माळ्यावरून काढून भंगारवाल्याला वजनावर दिले. रद्दीबरोबर.

हे सगळं अण्णांनी शांतपणे सांगितलं. मग कंदील उचलून फिरवून पाहिला. म्हणाले, "याच्या तावडीतून सुटायला मी पुण्याला आलो. आणि तू चौदाशे रुपये भरून त्याला पत्ता देऊन आलास."

"अण्णा, हा शोभेचा आहे. रॉकेल नाही, काजळी नाही."

"आणि काच कोण पुसणार?"

मला वाटलं, थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर अण्णा बाल्कनीत वर्तमानपत्राचा बोळा घेऊन काच पुसत बसलेले. हात काही आत जाईना, म्हणून लाटण्याला फडकं गुंडाळून आणलं होतं. आता ते रोज पुसतात. आमच्या चार दिव्यांत तेवढाच एक जरा उजळ आहे. "पंचाहत्तर वर्षं झाली," ते त्या दिवशी काचेशीच बोलत होते, "धाकटा अजून आला नाही."

मेमध्ये वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. आमचे चारही दिवे सॉकेटवर, सॉकेट इन्व्हर्टरवर नाहीत. ट्यूब मात्र आहे. त्यामुळे नाइलाजाने हिने चिकटपट्टी काढली, ट्यूब लागली आणि दीड तास आमचा हॉल लखलखत होता. आईने तेवढ्यात गहू निवडून घेतले. मी विम्याची कागदपत्रं वाचली आणि त्यातला हप्ता मला वाटत होता त्यापेक्षा जास्त निघाला. अण्णांनी सुडोकू सोडवलं. वीज येताच समोरच्या इमारतीत सगळे "आली, आली!" म्हणून ओरडले. आमच्या घरात अण्णा म्हणाले, "गेली."

हिला आमची ही फितुरी जाणवली असावी. तिने सांगितलं की आपली परंपरा म्हणजे मंद उजेड, आपल्याकडेही घराघरांत उभे दिवे असायचे.

"असायचे काय, आहेत," आई म्हणाली. "समई काय बसलेली असते?"

हा मुद्दा मला सुचायला हवा होता. पितळेची समई म्हणजे फ्लोअर लँपच की. बैठक, दांडा, थाळी, वर हंस. तिचे भागसुद्धा आट्यांनीच बसतात. वायर नाही, केल्विन विचारावे लागत नाहीत आणि आजीच्या लग्नात आलेली समई अजून डुगडुगत नाही. मुलगी लहान असताना आम्ही तिला केळकर संग्रहालयात नेलं होतं. दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून गोळा केलेले कितीतरी दिवे तिथे आहेत. लामणदिवे, हत्ती, मोर, काय काय. त्या सगळ्यांसमोर उभी राहून मुलीने विचारलं होतं, "बाबा, यांची बटणं कुठे आहेत?" आमची संस्कृतीशी गाठ तिथेच सुटली असणार. पण समईला दोष एवढाच, की ती देवघरात होती आणि आपलीच होती. प्रदर्शनातल्या मुलाने तिच्याकडे बोट दाखवून "युनिक पीस आहे काका" म्हटलं असतं, तर ती कधीच हॉलमध्ये आली असती.

आषाढातली अमावास्या आली. गावातल्या बऱ्याच लोकांना हा दिवस वेगळ्या कारणाने लक्षात असतो, त्यांचं त्यांच्यापाशी. आमच्याकडे दीपपूजन असतं. आईने आदल्या दिवशी चिंच लावून सगळे दिवे घासले. पाटावर समई, लामणदिवा, निरांजनं मांडली. अण्णांनी कंदील आणून शेजारी ठेवला. मग प्रश्न आला, बाकीच्या तिघांचं काय?

"दिवेच आहेत ना ते?" आई म्हणाली. "मग त्यांनाही येऊ दे."

सुतळीची बाटली आली. करपलेली रोवळी आली. ओंडका पाटावर मावेना, म्हणून पाटच ओंडक्यापाशी सरकवला. आईने प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. ओंडक्याला वाहिलं ते भेगेतून आत गेलं. ज्या जिवांना मी आठवडाभर औषध पाजलं, त्यांच्यातला कोणी उरलाच असेल तर त्यालाही त्या दिवशी दोन अक्षता मिळाल्या.

मग कणकेचे दिवे आले. गूळ घालून, वाफवलेले, प्रत्येकात तूप आणि एकेक वात. आरती झाली. त्या पाच एवढ्याशा दिव्यांत सगळ्यांचे चेहरे दिसत होते. तुपातल्या ज्योती हळूहळू आपल्या आपण शांत झाल्या. नैवेद्य झाला, पानं वाढली. कणकेचा दिवा कोमट असतानाच वर तूप घालून खायचा असतो. मी एक अख्खा तोंडात टाकला.

"कसा झालाय?" आईने विचारलं.

"उत्तम. जरा दोरेदार लागतोय."

"अरे! वात काढून ठेवायची असते!"

"दिसली नाही."

कोणी काही बोललं नाही. अण्णा पाटावरून उठले, सतरंजीवरचा बांध सावकाश ओलांडून भिंतीपाशी गेले आणि बटणावरची चिकटपट्टी नखाने सोलू लागले. मी हिच्याकडे पाहिलं. ती त्यांना अडवेल असं वाटलं होतं. पण ती खाली मान घालून आपलं ताट चाचपडत होती. तिच्याही ताटात वात नव्हती.